तीन खुर्च्यांवरचा एक माणूस : क्युबाच्या गोन्सालेस गेर्रांचं चरित्र कसं लिहावं?

प्रश्न विचारणारा शारीरिक शिक्षणाचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. ‘एका क्रीडा संघटकाचं चरित्र’ हा त्याचा प्रकल्प. त्यानं मानुएल गोन्सालेस गेर्रा यांना निवडलंय. १९६० च्या दशकापासून १९९७ पर्यंत ते क्युबाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते आणि १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हौशी बेसबॉल महासंघाचेही. अडचण त्यानं अशी मांडली आहे : ‘पदांची नावं आणि वर्षं सापडतात, पण माणूस सापडत नाही. बालपण नाही, किस्से नाहीत. मग वीस पानं लिहायची कशी? आणि हे गृहस्थ खरे संघटक होते की सरकारनं बसवलेले, हे ठरवायचं कसं?’

तुमचं शेवटचं वाक्य, संघटक की सरकारी माणूस, हाच खरा प्रश्न आहे. तो सुटला की पानं आपोआप भरतील. मी बरीच वर्षं जिल्हा आणि राज्य पातळीवर सॉफ्टबॉल-बेसबॉल संघटनेचं चिटणीसपद सांभाळलं आहे आणि क्रीडाविषयक नोंदीही लिहिल्या-तपासल्या आहेत. त्या अनुभवावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. खेळाडूचं चरित्र त्याच्या शरीरात आणि आकड्यांत असतं, संघटकाचं चरित्र त्याच्या निर्णयांत असतं. गोन्सालेस गेर्रा लहानपणी कुठल्या मैदानावर खेळले हे कळलं तर छानच, पण त्यावरून १९७३ साली, जागतिक बेसबॉल महासंघ फुटला तेव्हा, त्यांनी काय केलं याचा उलगडा होणार नाही. उलट १९७३ नीट समजलं, तर माणूस बराचसा समजतो.

आता पद्धत. आपल्याकडच्या कुठल्याही क्रीडा संघटनेचं इतिवृत्त उघडा. एकच व्यक्ती संघटनेची पदाधिकारी असते, क्रीडा खात्यात नोकरीला असते आणि ऑलिंपिक संघटनेच्या कार्यकारिणीवरही असते. बैठकीत ती जे बोलते ते कुठल्या खुर्चीवरून, हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. मी नव्या चिटणीसांना हेच शिकवत आलो आहे : ठराव वाचताना आधी विचारा, हा निर्णय घेण्याचा अधिकार खरोखर कुणाकडे होता? गोन्सालेस गेर्रांच्या तीन खुर्च्या होत्या. पहिली जागतिक बेसबॉल महासंघाची, दुसरी राष्ट्रीय ऑलिंपिक समितीची आणि तिसरी, कागदावर नसलेली पण कायम असलेली, १९५९ नंतरच्या क्रांतिकारी सरकारच्या क्रीडाधोरणाची. चरित्रातल्या प्रत्येक मोठ्या प्रसंगाला हा प्रश्न लावायचा.

त्याआधी पार्श्वभूमी हवी, कारण हौशी बेसबॉलचं पुढारपण क्युबाकडे होतं ते क्रांतीच्याही आधीपासून. मातान्सासच्या पाल्मार दे हुन्को मैदानावर १८७४ साली झालेला सामना क्युबातला पहिला नोंदवलेला संघटित सामना मानतात. १८७८ मध्ये लीग सुरू झाली. हे दोन ओळींत उरका. जास्त जागा द्या १९३८ ते १९४३ या काळाला. लेस्ली मान या माजी अमेरिकन व्यावसायिक खेळाडूनं आंतरराष्ट्रीय महासंघ उभा केला आणि १९३८ साली इंग्लंडमध्ये पहिली हौशी जागतिक मालिका झाली. संघ दोनच, ब्रिटन आणि अमेरिका, आणि जिंकलं ब्रिटन. पुढच्याच वर्षी स्पर्धा हवानात आली, ती १९४३ पर्यंत तिथेच राहिली. ती आणणारा माणूस कर्नल हाइमे मारिने. हा क्युबाचा तेव्हाचा सत्ताधीश बातिस्ता याचा विश्वासू सहायक आणि सरकारच्या क्रीडा संचालनालयाचा प्रमुख. आंतरराष्ट्रीय महासंघाचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं.

मारिनेला तुमच्या चरित्रात एक स्वतंत्र प्रकरण द्या, असं मी आग्रहानं सांगेन. राज्यकर्त्याच्या जवळचा माणूस, सरकारी क्रीडा खात्याचा प्रमुख आणि जागतिक महासंघाचा अध्यक्ष, हे तिन्ही एकाच व्यक्तीत एकवटण्याची क्युबातली रीत कम्युनिस्ट राजवटीनं सुरू केलेली नाही, ती तिच्या वीस वर्षं आधीची आहे. हे वाचकाला दिसलं की ‘सरकारनं बसवलेला’ हा शब्दप्रयोग आपोआप सौम्य होतो. मारिनेच्या काळात ला त्रोपिकाल स्टेडियम भरून जायचं. १९४१ मध्ये क्युबा आणि व्हेनेझुएला बरोबरीत राहिले, जादा निर्णायक सामना झाला आणि दानिएल कानोनिको या व्हेनेझुएलाच्या पिचरनं (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूनं) कोनरादो मारेरो या पिचरच्या क्युबाला ३-१ असं हरवलं. व्हेनेझुएलात बेसबॉल राष्ट्रीय वेड झालं त्यात या सामन्याचा वाटा फार मोठा. हवानानं स्पर्धा भरवली नसती तर हे घडलं नसतं. संघटकाच्या कामाचं फळ असं कधीकधी दुसऱ्याच देशात लागतं. अशा गोष्टी चरित्रात नोंदवायला विसरू नका.

याच काळाची काळी बाजूही लिहा. १९१४ पासून चालत आलेली क्युबाची राष्ट्रीय हौशी लीग वेदादो टेनिस क्लबसारख्या गोऱ्यांच्या सामाजिक क्लबांची होती, कृष्णवर्णीय खेळाडूंना तिची दारं बंद होती. व्यावसायिक लीगमध्ये मात्र ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खेळत होते. म्हणजे त्या देशात हौशी खेळ हा उच्चभ्रूंचा आणि पैशाचा खेळ गरिबांचा, अशी वाटणी होती. क्रांतीनंतर ही वाटणी उलटीपालटी झाली आणि गोन्सालेस गेर्रांची सगळी कारकीर्द त्या उलथापालथीवर उभी आहे.

झालं असं : १९६०-६१ चा हंगाम हा व्यावसायिक हिवाळी लीगचा शेवटचा. १९६१ च्या फेब्रुवारीत ‘इंदेर’ ही राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली, १९६२ मध्ये व्यावसायिक खेळावर बंदी आली आणि त्याच वर्षी १४ जानेवारीला नव्या हौशी राष्ट्रीय मालिकेला सुरुवात झाली. प्रांतांचे संघ, स्टेडियममध्ये प्रवेश परवडणारा, खेळाडूला कुठल्या तरी कारखान्यात किंवा संस्थेत नोकरी आणि खेळण्यासाठी पगारी रजा. कागदोपत्री हौशी, प्रत्यक्षात बारा महिने खेळणारा. अमेरिकन प्रतिस्पर्धी यावर सतत आक्षेप घेत, कारण त्यांच्याकडचे उत्तम खेळाडू मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये जात आणि हौशी स्पर्धेला विद्यापीठांची मुलं येत.

तुमच्या चरित्रनायकाचं कौतुक करताना ही बाब लपवू नका. हौशीपणाचा नियम जितका कडक, तितका क्युबाचा फायदा जास्त, हे उघड होतं. पण म्हणून क्युबाची पदकं खोटी ठरवणंही चूक. ओमार लिनारेससारखा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू जगातल्या कुठल्याही मैदानावर उठून दिसला असता. २०११ मध्ये जागतिक स्पर्धा बंद झाली तोवर क्युबानं ती २५ वेळा जिंकली होती. यात नियमाचा वाटा आहे, तसा त्या रचनेत घडलेल्या खेळाडूंचाही आहे. दोन्ही विधानं शेजारी शेजारी ठेवण्याची हिंमत चरित्रकारात हवी.

आता प्रसंगांकडे या. पहिला घ्या १९६६ चा. पोर्तो रिकोत, सान हुआनला मध्य अमेरिका आणि कॅरिबियन क्रीडास्पर्धा होत्या. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातलं, आणि क्युबाशी अमेरिकेचं हाडवैर. क्युबाचं पथक ‘सेरो पेलादो’ नावाच्या मालवाहू जहाजातून निघालं. खेळाडूंनी डेकवरच सराव केला. जहाजाला बंदरात येऊ दिलं नाही, तेव्हा समुद्रातच त्यांना छोट्या बोटींत उतरवून किनाऱ्यावर नेलं गेलं. इथे निर्णय कुणाचा? जहाज पाठवायचा निर्णय हवानातल्या सरकारचा, यात शंका नको. पण यजमानानं सर्व मान्यताप्राप्त देशांना प्रवेश दिलाच पाहिजे, हा युक्तिवाद ऑलिंपिक चळवळीच्या नियमांतला होता आणि तो मांडायचं व्यासपीठ ऑलिंपिक समिती हेच होतं. छोट्या देशाच्या संघटकाकडे सैन्य नसतं, पैसाही नसतो, नियमाचं पुस्तक असतं. गोन्सालेस गेर्रांची पिढी हे पुस्तक कसं वापरायचं ते अशा प्रसंगांत शिकली.

दुसरा प्रसंग १९७३ चा. माझ्या मते चरित्राची सुरुवात इथूनच करावी. गोन्सालेस गेर्रांच्या अध्यक्षतेखालचा महासंघ क्युबाच्या प्रभावाखाली आहे, या तक्रारीतून काही देश फुटले आणि त्यांनी दुसरा जागतिक महासंघ काढला. परिणाम असा की १९७३ मध्ये जगात दोन ‘जागतिक’ स्पर्धा झाल्या. हवानाची क्युबानं जिंकली, निकाराग्वातल्या मानाग्वाची अमेरिकेनं. दोन्ही विजेते स्वतःला जगज्जेते म्हणवणार. १९७४ ची फुटीर गटाची स्पर्धा फ्लोरिडात झाली, तीही अमेरिकेनं जिंकली.

ज्यानं संघटनेत फूट पाहिली आहे त्याला हे वाचताना काळजात धस्स होईल. आपल्याकडे एकाच खेळाच्या दोन समांतर संघटना झाल्या की पहिला बळी खेळाडूचा जातो. कुठलं प्रमाणपत्र ग्राह्य, कुठली निवड चाचणी खरी, नोकरीतल्या आरक्षणासाठी कुठल्या स्पर्धेचे गुण धरायचे, याची उत्तरं देता देता मी अनेक पालकांचे पडलेले चेहरे पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्याच फुटीची किंमत वेगळी असते. ऑलिंपिकमध्ये यायचं तर आंतरराष्ट्रीय समितीला समोर एकच महासंघ हवा असतो. दोन दावेदार असले की फाईल हलत नाही. बेसबॉल १९१२, १९३६, १९५६, १९६४ असं अधूनमधून नुसतं प्रदर्शनापुरतं ऑलिंपिकच्या दारात येऊन परतलं होतं. फूट कायम राहिली असती तर ते आणखी काही दशकं बाहेरच राहिलं असतं.

१९७६ मध्ये दोन्ही गट एकत्र आले. नवी एकत्रित संघटना झाली आणि त्या वर्षी कोलंबियातल्या कार्ताहेनाला पुन्हा एकच जागतिक स्पर्धा भरली. शीतयुद्धाच्या ऐन मध्यात, ज्यांच्या सरकारांचे एकमेकांशी राजनैतिक संबंध नाहीत अशा देशांचे बेसबॉल पदाधिकारी एका टेबलावर बसले, ही लहान गोष्ट नव्हे. इथे खुर्ची पहिली, महासंघाची. संघटना टिकवायची तर आपल्या हातातली काही सत्ता सोडावी लागते, आणि क्युबाच्या बाजूनं ती सोडली गेली. १९८१ मध्ये महासंघाचं अध्यक्षपद रॉबर्ट स्मिथ या अमेरिकन संघटकाकडे गेलं. ऑलिंपिकप्रवेशाचं श्रेय बहुतेक ठिकाणी स्मिथ यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे, पण त्यांच्या हाती एकसंध महासंघ आला तो आधीच्या तडजोडीमुळे. वीस पानांपैकी निदान पाच १९७३ ते १९७६ या चार वर्षांना द्या.

इथवरचं थोडक्यात : जन्मापासून नको, १९७३ पासून लिहा. मारिनेचं प्रकरण मागे वळून पाहताना घाला. प्रत्येक प्रसंगात निर्णयाचा अधिकार कुणाकडे होता ते सांगा. आता कारकिर्दीतला सर्वांत अवघड भाग.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रदर्शनीय खेळ म्हणून आलं, डॉजर स्टेडियमवर, आठ संघांसह. क्युबा पात्र ठरलेला होता. मे महिन्यात सोव्हिएत गटाच्या बहिष्कारात क्युबा सामील झाला. त्याची जागा डॉमिनिकन प्रजासत्ताकाला मिळाली आणि सुवर्ण जपाननं अमेरिकेला हरवून घेतलं. १९८८ ला सोलमध्ये पुन्हा तेच. उत्तर कोरियाला सहयजमानपद न मिळाल्याच्या निषेधार्थ क्युबा गेला नाही आणि अमेरिकेचा संघ, त्यात एका हातानं अपंग असलेला पिचर जिम अॅबट, जिंकून गेला. ज्या खेळाला ऑलिंपिकपर्यंत आणण्यासाठी या माणसानं खस्ता खाल्ल्या, त्या खेळाचं दार उघडल्यावर त्याच्याच अध्यक्षतेखालच्या ऑलिंपिक समितीनं दोनदा पाठ फिरवली.

तुमच्या ‘संघटक की सरकारी माणूस’ या प्रश्नाची परीक्षा इथे आहे. माझं मत सांगतो. बहिष्काराचा निर्णय ऑलिंपिक समितीच्या पत्रानं जाहीर होतो, पण तो घेतला जातो सरकारात. १९८० च्या मॉस्कोवर अमेरिकेनं बहिष्कार घातला तेव्हाही निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेनंच झाला, फक्त तिथे ऑलिंपिक समितीत उघड वादावादी आणि मतदान झालं. क्युबात तसं होण्याची सोय नव्हती. त्यामुळे १९८४ आणि १९८८ चं श्रेय किंवा दोष गोन्सालेस गेर्रांना व्यक्तिशः देऊ नका. मात्र त्या पदावर ते राहिले, ही त्यांची स्वतःची निवड होती आणि तिची नोंद व्हायला हवी. मी स्वतः सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संघटनेत काम केलं आहे. आपल्याला न पटलेला निर्णय सही करून खाली पाठवायचा आणि खेळाडूंसमोर त्याचं समर्थनही करायचं, हा ताण मला माहीत आहे. या ताणाबद्दल चरित्रात लिहिणं म्हणजे त्या माणसाला माफ करणं नव्हे, त्याला समजून घेणं आहे.

या दोन बहिष्कारांच्या मधे, १९८६ मध्ये, आंतरराष्ट्रीय समितीनं बेसबॉलला १९९२ पासून पूर्ण पदकाचा खेळ म्हणून मान्यता दिली. मग आलं १९९१. हवानात पॅन-अमेरिकन स्पर्धा, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या क्रीडास्पर्धा, झाल्या, सोव्हिएत संघ कोसळत असताना, त्याची मदत आटत असताना, इंधन आणि अन्नधान्याची टंचाई सुरू झालेली असताना. क्युबानं १४० सुवर्णपदकं घेतली, अमेरिकेनं १३०. इतक्या हलाखीत एवढा खर्च करावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि चरित्रातही विचारायला हवा. मी यजमानपदाच्या बाजूनं फार झुकणारा नाही, स्टेडियमच्या देखभालीचे पैसे दहा वर्षांनी कुठून येणार हे मला आधी दिसतं. पण बार्सिलोनाकडे पाहिलं की दुसरी बाजूही दिसते. १९९२ मध्ये क्युबा १४ सुवर्णपदकांसह पदकतक्त्यात पाचवा आला आणि पहिल्या अधिकृत ऑलिंपिक बेसबॉल अंतिम सामन्यात त्यानं तैवानला ११-१ असं हरवलं. चार वर्षांनी अटलांटात जपानवर १३-९ असा विजय मिळवून ते सुवर्ण राखलं. पुढच्या वर्षी गोन्सालेस गेर्रा पायउतार झाले आणि ऑलिंपिक समिती होसे रामोन फर्नांदेस यांच्याकडे गेली. हे प्लाया हिरोनच्या लढाईत, म्हणजे १९६१ साली अमेरिकेच्या पाठिंब्यानं झालेलं आक्रमण परतवताना, नेतृत्व केलेले लष्करी अधिकारी आणि मंत्रिमंडळातले वरिष्ठ नेते. तिसरी खुर्ची दुसरीच्या किती जवळ होती, हे या एका नेमणुकीवरून कळतं.

शेवटच्या वर्षांतली घसरणही सांगायला हवी. १९९१ च्या जुलैत पिचर रेने आरोचा मायामीत संघ सोडून अमेरिकेतच राहिला. पाठोपाठ इतर गेले. अटलांटाच्या तोंडावर रोलांदो आरोहो हा पिचर निघून गेला. पगारी रजेची ती सगळी रचना डॉलरसमोर तोकडी पडत होती. १९९६ मध्येच महासंघानं व्यावसायिक खेळाडूंना परवानगी देण्याचा ठराव केला. २००० मध्ये सिडनीच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या मायनर लीगच्या, म्हणजे दुय्यम व्यावसायिक लीगच्या, मुलांनी क्युबाला ४-० हरवलं, बेन शीट्सनं एकही धाव दिली नाही. क्युबानं २००४ मध्ये अथेन्सला पुन्हा सुवर्ण घेतलं, २००८ ला दक्षिण कोरियाकडून ३-२ असा निसटता पराभव पत्करला आणि मधल्या काळात, २००५ मध्ये सिंगापूरच्या बैठकीत, बेसबॉल २०१२ च्या कार्यक्रमातून मतदानानं वगळलं गेलं. मेजर लीगचे खेळाडू ऑलिंपिकला सोडले जात नव्हते, हे त्यामागचं एक मोठं कारण. हौशीपणाच्या भिंतीनं जो खेळ जपला होता, तो भिंत पडल्यावर ऑलिंपिकच्या दृष्टीनं अर्धवट ठरला.

तुम्ही विचारलंय, ‘मराठी वाचकाला यात रस का वाटावा?’ एक खरा धागा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली होती. त्या बैठकीत २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रोस आणि फ्लॅग फुटबॉलबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉलही मंजूर झालं. आपल्या वर्तमानपत्रांत मथळे क्रिकेटचे होते, ते साहजिकच आहे. पण जळगाव-पुण्याकडे सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी त्या यादीतलं सॉफ्टबॉलचं नावही तितकंच मोलाचं होतं. शिवाय आता क्रिकेटच्या संघटकांपुढे तेच प्रश्न येणार आहेत जे बेसबॉलवाल्यांपुढे होते : व्यावसायिक लीगचं वेळापत्रक, सर्वोत्तम खेळाडू पाठवायचे की नाही, सरकारांचं वैर मैदानाबाहेर कसं ठेवायचं. हे प्रकरण तुम्ही प्रस्तावनेत घ्या, शेवटी नको. वाचक मग क्युबाची गोष्ट आपल्या प्रश्नांसह वाचेल.

किश्श्यांच्या अभावाबद्दल. ते कुठेतरी मिळतीलच म्हणून थांबू नका आणि न मिळाल्यास कल्पनेनं भरूही नका. परीक्षकाला ते लगेच कळतं. त्याऐवजी स्पर्धांची अधिकृत निकालपत्रं, ऑलिंपिक समितीचे छापील अहवाल आणि त्या त्या आठवड्याची वर्तमानपत्रं, क्युबाची आणि अमेरिकेची दोन्ही, समोरासमोर ठेवून वाचा. स्पॅनिश येत नसेल तरी तारखा, नावं आणि गुणफलक कळण्यापुरती ती महिन्याभरात जमते. एकाच घटनेबद्दल दोन्हीकडचे वृत्तांत जिथे वेगळं बोलतात, तिथे पेन्सिलीनं खूण करा. तुमच्या चरित्रातली महत्त्वाची पानं त्या खुणांच्या जागी आहेत. पहिला मसुदा १९७३-७६ या प्रकरणाचा करा, आणि तो तयार झाला की मार्गदर्शकांना दाखवण्याआधी एकदा इथे टाका, मी वाचून सांगेन.